पपई सोडून सगळं

मंगळवार, ४ नोव्हेंबर

भूक लागली आज. उठल्या उठल्या, चांगली कडकडून!

लिहिताना लाज वाटते. गेल्या आठवड्यापर्यंत कुकरची शिट्टी झाली की मी बेसिनकडे धावत होते. कांदा नको, लसूण नको, समोरच्यांच्या घरातली फोडणी नको. संकेतच्या शर्टाला त्याच्या ऑफिसच्या कँटीनचा वास यायचा, तोही नको. आलं घातलेलं कोमट पाणी आणि बिस्किटं, एवढ्यावर महिना काढला. आणि तरी खूश होते! डॉक्टर म्हणाल्या होत्या, मळमळ होतेय ते चांगलंच आहे.

गुरुवारी सोनोग्राफी होती. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवलीच नाही. बराच वेळ नुसतं बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "ठोके मिळत नाहीयेत." नववा आठवडा. शनिवारी जाऊन सगळं ‘साफ’ करून आलो. हा शब्द तिथल्या नर्सचा, माझा नाही. मी तो शब्द फरशीला वापरते.

आणि आज भूक. अंगावर ओढणी घेतली, लिफ्टने खाली उतरले, गेटबाहेरच्या गाडीवर उभी राहिले आणि उसळपाव खाल्ला. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर कच्चा कांदा, शेव, लिंबू. एक प्लेट संपली, दुसरी मागितली. गाडीवाला म्हणाला, "ताई, किती दिवसांनी! गावाला गेलेलात का?" मी हो म्हटलं. तिखटानं नाक वाहायला लागलं, तोंडभर चव आली, आणि मला इतकं छान वाटलं की त्याच क्षणी स्वतःचा तिटकारा आला.

मळमळ गेली कारण ते गेलं. आता मला सगळं चालतं, सगळं पचतं, सगळ्याची चव लागते. नको होती मला ही चव.

बुधवार, ५ नोव्हेंबर

डबा आला. बुधवार म्हणजे डबा.

सासूबाई तिकडे भुईगावच्या वाडीत, आम्ही इकडे नायगावच्या चौदाव्या मजल्यावर. त्यांच्या शेजारच्या टिफनी टीचर इथल्या शाळेत शिकवतात. स्कूटरवरून येताना बुधवारी सासूबाईंचा डबा घेऊन येतात आणि शाळेत जायच्या आधी माझ्या हातात देतात. दिवाळीपासूनची पद्धत. म्हणजे आम्ही बातमी सांगितली तेव्हापासूनची.

आजच्या डब्यात केळफुलाची भाजी, चिंचेचं सार, आवळ्याचं लोणचं आणि कागदाच्या पुडीत मीठ लावलेली हिरवी चिंच. सगळं आंबट. सासूबाईंना माहीत नाही.

कोणालाच माहीत नाही. दसऱ्यानंतर बाबांच्या — सासऱ्यांच्या — हृदयात दोन स्टेंट घातले. घरी आणलं तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. वाडीत कोण काय करतंय, पंप चालू आहे की बंद, काही विचारायचे नाहीत. मग लक्ष्मीपूजनाच्या दिवशी संकेतनं माझी बातमी सांगितली. बाबा उठले! काठी न घेता ओट्यावर येऊन बसले आणि शेजाऱ्यांना हाका मारायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "औषध ते औषध, पन हे खरं टॉनिक."

ते टॉनिक आता कसं काढून घ्यायचं? "बाबा जरा सावरू देत, मग सांगू," असं संकेत म्हणतो. जरा म्हणजे किती ते तो सांगत नाही, आणि मीही विचारत नाही.

त्या दिवशी सासूबाईंनी मला बाजूला घेऊन काय काय सांगितलं! तीळ नको, अननस नको, खेकडा नको. आणि पपईचं तर नावच काढू नको. त्यांच्या विहिरीपाशी पपईची झाडं आहेत. लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा मी तोंड उघडून मागितलेली पहिली वस्तू म्हणजे ती पपई. तेव्हापासून कधीही गेलं की सोलून, बिया काढून, वर लिंबू पिळून ताटली माझ्यासमोर. सूनबाईची पपई म्हणून घरात चेष्टा चालायची. पण दिवाळीला त्यांनी पिकायला आलेली सगळी फळं उतरवून शेजारी वाटून टाकली. "घरात दिसायलाच नको. दिसली की मन होते."

चिंच मी खाल्ली नाही. सार बेसिनमध्ये ओतलं. अन्न ओतून दिलं मी, आयुष्यात पहिल्यांदा.

शनिवार, ८ नोव्हेंबर

संकेत म्हणाला, "चल, आगाशीला जाऊ. भुजिंग खायला."

हे आमचं ठरलेलं होतं. मी बेसिनवर वाकलेली असताना तो पाठीवरून हात फिरवायचा आणि सांगायचा, ही मळमळ थांबली की आपण तिघं आगाशीला जाऊन भुजिंग खाऊ, वसईगावात जाऊन खारी आणि गरम पाव, अर्नाळ्याला मासे. पार यादी म्हणायचा, झोपवायची गोष्ट सांगितल्यासारखी. मी म्हणायचे, नाव नको घेऊस, उलटी होईल! आणि दोघं हसायचो.

आज दोघंच गेलो. निखाऱ्यावर भाजलेलं चिकन, त्यात पोहे आणि बटाटे परतलेले, तो धुरकट तिखट मसाला. पोहे असे की प्रत्येक पोह्याला मसाला लागलेला आणि तरी सुटे. मी माझी प्लेट संपवली. संकेत नुसता चमच्याने ढवळत बसला होता, मग त्याचीही संपवली. शेजारच्या टेबलावर विरारचं कुठलंसं कुटुंब, मुलगी पोह्यांतले बटाटे वेचून खात होती.

गाडीवर बसताना तो म्हणाला, "बरं वाटलं तुला खाताना बघून."

इतकी चिडले मी! रस्त्यात, माणसांसमोर. "बरं वाटलं? कशाचं बरं वाटलं? तेव्हा खाता येत नव्हतं ते बरं होतं!" त्यानं हेल्मेट घातलं आणि गाडी चालू केली. भांडण करायचं तर समोरच्यानं साथ तरी द्यावी! घरी येईपर्यंत हाताला मसाल्याचा वास येत होता. चांगला वास.

रविवार, ९ नोव्हेंबर

काही नाही. झोपून होते. फक्त जेवायला उठले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ऑफिसला सांगितलंय व्हायरल आहे. घरात बसवत नाही. ती छोटी खोली, जिच्यातला कपड्यांचा स्टँड आम्ही दिवाळीत हलवला होता, तिचं दार उघडं दिसतं. लावून घेतलं तर लावलेलं दिसतं.

म्हणून फिरते. शहरभर. आज गोखिवऱ्याला गेले. तिथल्या गाळ्यांमध्ये, पत्र्याच्या कारखान्यांच्या मधोमध एक बेकरी सापडली. बाहेर पाटी नाही, नुसता वास. ते टोस्ट आणि खारी दुकानांना पुरवतात. दारात उभी राहिले तर आतल्या माणसानं विचारलं, "क्या चाहिये?" मी म्हटलं, जे गरम आहे ते. त्यानं तुटलेल्या खारीचा मोठा ढीग कागदात बांधून दिला. रिक्षात बसूनच निम्मी संपवली. ओठांना, ओढणीला सगळीकडे पापुद्रे.

येताना आचोळ्याला उतरले. तिथे गल्लीत एक किराणावाला वसईचा हातसडीचा तांदूळ ठेवतो असं कळलं होतं. लालसर, जाड. मुठीत घेऊन हुंगला. आहे वास! दोन किलो घेतला. एरवी असं काही मिळालं की मी चार जणींना फोन करून सांगते. आज पिशवी धरून नाल्याच्या कडेला उभी राहिले आणि आठवेना की हा तांदूळ घेऊन मी कोणाला जेवायला घालणार आहे.

आई असती तर तिला फोन केला असता. ती जाऊन सहा वर्षं झाली, पण फोन करावासा वाटण्याची सवय काही जात नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

डबा. कच्च्या करवंदाचं जुनं लोणचं, चिंचगुळाची आमटी, बोरं. बोरं मी खाल्ली, बाकीचं खाली वॉचमनच्या बायकोला दिलं. ती खूश झाली. "मॅडम, तुमच्याकडे कोणी पोटुशी आहे का? सगळं आंबटच!" असं म्हणून हसली. मीही हसले. मी हल्ली काहीही करू शकते.

दुपारी सासूबाईंचा फोन.

"कय खावासं वाटतं गो? सांग मोकळेपनी."

काय सांगू? खरे डोहाळे लागायच्या आतच सगळं संपलं. म्हणून बनवून सांगितले. पानगी खावीशी वाटते म्हटलं. केळीच्या पानातली, जरा करपलेली. "करपलेली? अस्सं?" सासूबाई हसल्या, "संकेतच्या वेळेला मना पन करपलेलंच लागायचं!" आणि मग बाबांना ओरडून सांगितलं, "अवो, ऐकलं का, करपलेली पानगी मागते!" मागून बाबांचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण आनंद कळला.

नसलेल्या बाळाचे डोहाळे मी पुरवून घेतेय. याहून खाली माणूस कुठे जातं?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पानगी आली. बुधवार नसताना! टिफनी टीचरना खास आज पाठवलं. "आंटींना धीर निघेना," म्हणाल्या. पान अजून कोमट होतं. कडा करपलेल्या, मुद्दाम.

चारही खाल्ल्या. रडत खाल्ल्या. फार सुंदर झाल्या होत्या.

रविवार, १६ नोव्हेंबर

भुईगावला जाऊन आलो. जायचं टाळता येत नव्हतं, दोन रविवार टाळले होते.

ओट्यावर बाबा. गाल भरलेत जरा. मला बघून उठायला लागले, मी नको नको म्हणतेय तोवर खुर्ची पुढे ओढून दिली. मला! स्टेंट त्यांना आणि खुर्ची मला. सासूबाईंनी आत नेऊन कपाट उघडलं. हिरवी साडी, खण, नवा नारळ. येत्या शुक्रवारी चोरओटी भरायची ठरलीय. तिसरा सरायच्या आत, घरातल्या घरात, कोणाला न बोलावता. "मोठं डोहाळजेवण सातव्यात करू. हे आपल्यापुरतं." मी साडीवरून हात फिरवला. मऊ होती. संकेत दारात उभा होता, तो लगेच वाडीत निघून गेला.

मग जेवायला बसलो. आणि इथे मी काय केलं!

बोंबलाचं भुजणं होतं. हिरव्या लसणीची पात, कोथिंबीर, मिरच्या, हळद आणि तेल हातानं चुरून बोंबलांना लावायचं आणि नुसतं शिजवायचं. फोडणी नाही, वाटण नाही. हे सासूबाईंचं. माझ्या माहेरी हे माहीतच नव्हतं. दिवाळीनंतरच्या रविवारी याच्याच वासानं मी पानावरून उठून मागच्या पडवीत पळाले होते आणि सासूबाई पाठोपाठ लिंबू घेऊन आल्या होत्या. म्हणून आज त्यांनी माझ्यासाठी वेगळं दुधीचं केलं होतं. माझ्या ताटात दुधी आणि आंबट वरण. भुजणं फक्त संकेतसाठी.

मी दुधी खाल्ला. आणि मग — मला आठवतच नाही कशी — संकेतच्या ताटाकडे हात गेला. भाकरीच्या तुकड्यावर बोंबील घेतला. तोंडात विरघळला तो. मग दुसरा घेतला. आणि पातेल्याकडे बघत म्हटलं, "आई, अजून आहे का?"

सासूबाई वाढायला उभ्या होत्या. त्यांचा हात थांबला. एवढंच, डाव हवेत राहिला. माझ्याकडे बघितलं त्यांनी. मग वाकून माझ्या ताटात भुजणं वाढलं, भरपूर, आणि वरून रस्साही घातला.

बाबा आपल्या उकडलेल्या भाज्या चिवडत होते. ते जोरात म्हणाले, "बघा, नातू आपल्याच वळनावर गेला! मावऱ्याशिवाय चालत नय!" आणि असे हसले की त्यांना ठसका लागला. सासूबाई पाणी आणायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मी खात राहिले. काय करणार? ताटात वाढलेलं होतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

भांडण. मी म्हटलं, शुक्रवारी माझी ओटी भरतील, नारळ घालतील मांडीवर, मला ते जमणार नाही, तू आज सांग. संकेत म्हणाला, "मी कसं सांगू? काय शब्द वापरू? तूच सांग."

"तुझे वडील आहेत!"

"म्हणूनच!"

 मी पोहे केले. ते त्याच्यापुढे ठेवले तर त्यानं ताटली सरकवली आणि म्हणाला, "तुला काय, तू जेवतेस तरी."

तू जेवतेस तरी.

तो बाथरूममध्ये गेल्यावर त्याची बॅग उघडली. शुक्रवारचा डबा तसाच. पोळी वाळून कडक झालेली, भाजीला वास. मग आठवलं, गुरुवारचाही डबा मी घासला तेव्हा आत काही उरलेलं नव्हतं, पण तो त्यानं कुठेतरी ओतून रिकामा केला असणार. आगाशीला चमचा नुसता ढवळत होता. वाडीत त्याच्या ताटातलं निम्मं मी खाल्लं. एवढे दिवस मी स्वतःची भूक बघत बसले, आणि माझा नवरा माझ्यासमोर उपाशी.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सासूबाईंचा संकेतला फोन. ओटी शुक्रवारी नाही. "दिवस बरोबर नय," एवढंच. पुढचा दिवस सांगितला नाही.

संकेतला हायसं वाटलं. मला दोन मिनिटं वाटलं, मग घाबरले. पुढे ढकललं म्हणजे अजून खोटं बोलायचं. अजून डोहाळे शोधायचे, अजून ओढणी पोटावरून घ्यायची, अजून बाबांनी खुर्ची पुढे ओढायची. आणि एक दिवस पोट दिसायला हवं तेव्हा काय दाखवू?

बुधवार, १९ नोव्हेंबर

डबा. आज चिंच नाही, लोणचं नाही. मऊ मुगाची खिचडी, वेगळ्या डबीत तूप, भाजलेला पापड. आजारी माणसाला देतात तसं. बहुतेक रागावल्यात. दुधी खास केला तो सोडून मी बोंबील खाल्ला म्हणून असेल. किंवा कंटाळल्या असतील माझ्या नखऱ्यांना.

या आठवड्यात काय खावंसं वाटतं म्हणून फोनही नाही आला.

टिफनी टीचर दारातून जाता जाता म्हणाल्या, "आंटी विचारत होती, मेघना दार स्वतः उघडते ना? तोंड कसं दिसते तिचं?" मी विचारलं, मग तुम्ही काय सांगितलं? त्या म्हणाल्या, "सांगितलं, बारीक झालीय."

बारीक! रोज दोघांचं खाऊन.

शनिवार, २२ नोव्हेंबर

वसईगावात, बाजारात. एकटीच गेले. संकेत झोपून होता. हल्ली तो सुट्टीच्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडतो, अगदी बाबा पडायचे तसा.

वाडीवाल्या बायका रस्त्याच्या कडेला आपापलं मांडून बसलेल्या. वालाच्या शेंगा, कोनफळं, ओल्या लसणीच्या जुड्या, जास्वंदाच्या कळ्या. लाल लुगडं नेसलेल्या एका म्हातारीपाशी सुकेळी दिसली! खरी, उन्हात सुकवलेली केळी, केळीच्याच सुक्या पानात गुंडाळलेली. संकेत लहानपणची सुकेळी सांगतो तेव्हा मला वाटायचं उगाच मोठं करून सांगतो. म्हातारीनं एक पानातून सोडवून, अर्धी मोडून हातावर ठेवली. तांबूस, चिवट, आणि मधासारखी गोड, पण मागे उन्हाचा काहीतरी वास. "आता कोन करते? दिवसभर राखत बसावं लागते. पावसाचं टिपूस पडलं की गेलं सगळं," म्हणाली. संकेतसाठी घेतली. निदान ही तरी खाईल.

त्याच म्हातारीच्या टोपलीत पपया होत्या.

वाडीच्या, लांबट, देठाकडे अजून हिरव्या. माझा हात गेला. नखानं दाबून बघितली, पिकली होती. म्हातारीनं उचलून वासाला माझ्या नाकाशी धरली. "घे गो, कापून देऊ?"

आणि मला नाही घेता आली.

मी गेले तीन आठवडे काय काय खाल्लं! उसळ, भुजिंग, खारी, बोंबील, जे दिसेल ते, जणू बघतच होते की कुठपर्यंत खाता येतं. पण पपई नाही खाल्ली. कुठे मिळत नव्हती असं नाही, कोपऱ्याकोपऱ्यावर कापून ठेवलेली असते. मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आणि मी तिच्याकडे बघून रस्ता बदलत होते. आज कळलं का. पपई खाल्ली की खरं होईल. मग कुठलंच बाळ नाही, कशाचीच भीती नाही, जपायला काहीच उरलं नाही. उसळपाव खाऊन मी स्वतःला फसवू शकत होते. पपई खाऊन नाही फसवता येणार.

म्हातारी म्हणाली, "चालत नय का तुला?" आणि माझ्या पोटाकडे बघून जीभ चावली. "बरं केलंस मग, नको घेऊ." तिनं पपई परत टोपलीत ठेवली, वर वालाच्या शेंगा टाकून झाकलीसुद्धा. मला दिसू नये म्हणून.

मी तिला थँक यू म्हटलं. स्टँडपर्यंत चालत आले. सुकेळीची पिशवी छातीशी धरून.

रविवार, २३ नोव्हेंबर

संकेतनं सुकेळी हातात घेतली, पान उलगडलं, वास घेतला, परत गुंडाळली. "नंतर खातो."

आम्ही दोघं या घरात काय करतोय? चौदाव्या मजल्यावरून खाडी दिसते म्हणून हा फ्लॅट घेतला होता. मी आज खिडकी उघडलीच नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

उद्या टिफनी टीचर आल्या की त्यांच्याच हाती निरोप द्यायचा ठरवलंय: डबे पुरे. कारण विचारलं तर काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

डबा आला. आज एकच, मोठा. टीचरना दारातच सांगायचं होतं, पण डबा हातात आला आणि झाकणातून वास आला. निरोप तसाच राहिला. त्या गेल्यावर उघडला.

पपई. सोललेली, बिया काढलेली, मोठ्या फोडी, वर लिंबू पिळलेलं.

फोन लावला. उचलला, पण पलीकडून नुसता विहिरीच्या पंपाचा आवाज.  मग सासूबाईच बोलल्या, "ह्यांना मी सांगेन, माझ्या परीनं. तुम्ही दोघांनी नको. तू खा गो पोरी. आता चालते."

दाराशी खाली बसूनच खाल्ली. दोन फोडी संकेतसाठी ठेवल्यात.